स्पेशल टीमचा नारळ

"किया ओरा, मंडळी! आपले शशिकांत विशेष मुलांना फुटबॉल शिकवतात. केवढी ही समाजसेवा!" मराठी मंडळाचे सेक्रेटरी मोहनराव माओरीत नमस्कार ठोकत माइकमध्ये म्हणाले. बॉटनी डाउन्सच्या हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या एका काकूंनी तर डोळ्यांना पदर लावला.

अंगावर शाल, हातात नारळ, आणि शशिकांतच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"विशेष मुलं नव्हेत हो! स्पेशल टीम्स. अमेरिकन फुटबॉल. चांगले धिप्पाड बाप्ये आहेत. किक मारायची वेळ आली की मैदानात उतरतात, त्या तुकडीचा मी कोच."

"तेच ते," मोहनराव हसले. "किती हा विनय!"

कसला डोंबलाचा विनय! क्लबातही हीच गत. हेड कोच बाकीच्यांना दोन तास पळवणार, आणि स्पेशल टीम्सच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं, तीही अर्धे लोक गाडीकडे निघाल्यावर. आणि काल फायनल कशावर जिंकली? शेवटच्या किकवर! एकाने वाकून बॉल पायांमधून मागे फेकला, दुसऱ्याने झेलून जमिनीवर उभा धरला, तिसऱ्याने मारला. पापणी लवायच्या आत. वर्षभर शशिकांतने हेच घोटून घेतलं होतं. तरी कपाच्या फोटोला त्याला कुणी हाक मारली नाही. म्हटलं, निदान आपली माणसं तरी कौतुक करतील. तर आपल्या माणसांनी हे दिवे लावले!

"आणि खरंच विशेष मुलांना शिकवणाऱ्या प्राचीताई त्या मागे बसल्यात," तो कडाडला. "त्यांना कधी दिलात नारळ?"

मोहनरावांचा चेहरा पडला. "अहो, चिडता कशाला? तुम्ही नक्की काय करता, ते सांगा की दोन शब्दांत."

"सांगत नाही. दाखवतो."

त्याने शाल खुर्चीवर टाकली, नारळ घेऊन स्टेजच्या टोकाला गेला आणि सगळ्यांसमोर पाय फाकवून वाकला. "दीप्ती!"

दुसऱ्या टोकाला त्याची बायको फोटो काढत होती. हिवाळाभर मागच्या अंगणात त्याने फेकलेले बॉल तिनेच झेलले होते. तिने फोन मोहनरावांच्या हातात कोंबला, पैठणीचा पदर कमरेला खोचला, गुडघा टेकला आणि हात पुढे केले.

पायांमधून नारळ सुटला. "अहो, अहो!" करत मोहनराव मटकन खाली बसले. काकूंनी किंकाळी फोडली. थाप्पकन आवाज आला.

दीप्तीने हातातल्या नारळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"जरा उजवीकडे गेला," ती म्हणाली. "परत टाक."