कॉर्डलेसची तक्रार

रेडिओवर बातम्यांऐवजी शेजारच्या कुमुदताईंचा आवाज आला, तसे दिगंबरपंत खूश झाले. त्यांच्याच तक्रारीवरून आलेला वायरलेस खात्याचा इन्स्पेक्टर समोर बसला होता.

“ऐकलंत? त्यांचा दुबईहून आणलेला कॉर्डलेस फोन माझ्या रेडिओत घुसतो!”

“परवाना नसलेल्या लहरींवर चालतोय. जप्तच करतो,” म्हणत इन्स्पेक्टर उठला.

तेवढ्यात कुमुदताई बहिणीला सांगू लागल्या, “माझ्या शर्वरीला पंतांच्या मिलिंदचं स्थळ आलंय ना, मुलगा हिरा आहे गं!”

दिगंबरपंतांनी इन्स्पेक्टरची बाही धरली. त्या घरून लेकासाठी होकार येईना म्हणून महिनाभर त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

“पण सासरा महातक्रारखोर! तूच सांग, काय करू?” रेडिओतून कुमुदताई बहिणीला विचारत होत्या.

इन्स्पेक्टरने कागद पुढे केला. “तक्रारीवर सही करा.”

“कसली तक्रार? बिघाड माझ्या रेडिओतच आहे,” म्हणत दिगंबरपंतांनी रेडिओचा आवाज वाढवला.