रकान्यातला फ्रिज

फेलोशिपच्या अर्जासाठी घराची पाहणी करायला साहेब येणार, एवढंच लेकीनं आईला फोनवर सांगितलं होतं. पाहणी गरिबीची असते हे सांगायला जीभ रेटली नव्हती. लेक धापा टाकत घरी पोचली, तेव्हा स्वयंपाकघरात शेजारणीचा उसना फ्रिज दिमाखात उभा होता आणि साहेब त्याकडे बघत होते. “फ्रिज तुमचाच?” “मग काय, लोकांचा असेल?” आई म्हणाली. दारात चार शेजारणी कौतुकानं उभ्या. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. खरं बोलावं तर आईची मान खाली जाणार, गप्प राहावं तर फेलोशिप बुडणार. साहेबांनी रकान्यात ‘आहे’ लिहिलं, घाम पुसला आणि पाणी मागितलं. आई लगबगीनं उठली, फ्रिजला वळसा घालून नेहमीच्या माठाकडे गेली आणि पेला भरून आणला. साहेबांनी पाणी सावकाश संपवलं, फ्रिजकडे पाहिलं आणि ‘आहे’ मुकाट्यानं खोडलं.