मंगळावरचे बूट

प्रताप नगरात चंपतरावबुवांच्या कीर्तनाला आताशा चारच म्हाताऱ्या येत. बाकी आळी प्रेमिलाच्या ओट्यावर जमून, मंगळावर गेलेल्या दोन भावांच्या नव्या पिक्चरची गोष्ट ऐकायची. "पिच्चरपरीस हीच रंगवून सांगते," असं जो तो म्हणे, आणि बुवांच्या अंगाचा तिळपापड होई.

शेवटी बुवा स्वतः पिक्चर पाहून आले, ज्या पुस्तकावरून तो काढला तेही वाचलं, आणि भरल्या ओट्यावर गरजले, "थोरला हरवल्यावर धाकटा त्याचे बूट कप्तानाच्या खुर्चीवर ठेवते अन् खाली बसून यान चालवते, हे पुस्तकातही नाही, पिच्चरातही नाही! काहून खोटं सांगून राहिली वं?"

प्रेमिला ओशाळली.

 

"पिच्चर तिथं लय फिका वाटला, बुवा. म्हणून तुमच्या कीर्तनातला भरत घातला."