भरलं ताट

सिंगापूरमध्ये बुकित पंजांगला रुचिरच्या इमारतीखाली रहिवाशांची छोटीशी बाग होती. तिथे वांग्याच्या रोपांमध्ये एका कोळ्यानं जाळं विणलं होतं. ती मादी आहे, हे रुचिरच्या नऊ वर्षांच्या लेकीनं, जाईनं, सगळ्या घराला ऐकवून झालं होतं. पिवळ्या पट्ट्यांची ती कोळीण डोकं खाली करून जाळ्याच्या मधोमध निवांत बसली होती. जाई शाळेतून आली, की आधी तिला बघायला जायची. आज तिची आजी, रुचिरची आई शैलाताई, मागोमाग गेल्या. जाई त्यांना ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

कालपासून अबोला होता. हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, जाईनं चिकन राइस घेतला आणि शाकाहारी शैलाताईंनी ओढणी नाकाला लावली. शब्दानं काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा चेहराच मेला बोलका. पोरीनं दोन घास खाऊन ताट बाजूला सारलं आणि उपाशीच झोपली. परवा शैलाताईंचं परतीचं विमान होतं. नातीला अशी रुसलेली सोडून पुण्याला जायचं, या विचारानं त्यांना सकाळपासून चैन नव्हतं.

एवढ्यात एक पांढरं फुलपाखरू जाळ्यात अडकलं. फडफडलं आणि आणखीच गुंतलं. कोळीण सरसावली. शैलाताईंचा हात आपसूक पुढे गेला.

"आजी, डोन्ट," जाई म्हणाली. मग आजीला नीट कळावं म्हणून अडखळत मराठीत म्हणाली, "तिचं जेवण आहे ते."

हात तिथेच थांबला. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे त्यांनी जन्मभर सगळ्यांना बजावलं होतं. लहानपणी रुचिरवर कितीही संतापल्या, तरी तो हात धुऊन येईपर्यंत त्या थांबायच्या. कालचं ताट त्यांना आठवलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फुलपाखराकडे बघवत नव्हतं. तरी त्यांनी हात मागे घेतला.

"उद्या परत त्या हॉकर सेंटरला जाऊ," त्या म्हणाल्या. "तुझं ताट मी घेऊन येईन."

"चिकन राइस, हां. नो फेस, ओके?"

"बरं."

कोळिणीनं भक्ष्य गुंडाळलं आणि तोंड लावलं. जाईनं आजीचं बोट धरलं आणि घराकडे ओढलं.

शैलाताई हलल्या नाहीत. "थांब," त्या म्हणाल्या. "तिचं होऊ दे."