आजी, चालून दाखवा

या मायबापहो, जरा जवळ सरकून बसा, एक छोटीशी गोष्ट ऐका.

आजी दोनदा घसरल्या होत्या. तिसऱ्यांदा पडल्या असत्या तर खुबा गेलाच असता, म्हणून दवाखान्यातली नर्सताई घर बघायला आली. लेकाने तिला थेट आतल्या चकचकीत संडास-बाथरूममध्ये नेलं. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, खाली न घसरणारी चटई. "आईच्या बाबतीत आपण हात आखडता घेत नाही, सिस्टर!" तो छाती फुगवून म्हणाला. दांड्यावरचं प्लास्टिक मात्र अजून निघालं नव्हतं.

नुसत्या सांगण्यावर नर्सताई कधी विसंबत नसे. "आजी, संडासला कशा जाता, तेवढं चालून दाखवा बरं."

आजी भिंत धरून उठल्या, त्या बाथरूमवरून तशाच पुढे गेल्या आणि मागच्या दारातून शेवाळलेल्या पायऱ्या उतरू लागल्या. नर्सताईने धावत जाऊन दंड पकडला. "अहो, इकडे कुठे?"

"माझं इकडेच असतं गं बाई. आतलं माझ्याने घाण होतं म्हणे."

 

देवापुढे हात जोडाल तेव्हा या आजींची आठवण ठेवा, मायबापहो. त्यांच्या लेकाचं नाव तोंडात घ्यायचीही मला किळस येते.