फुटका सायलेन्सर

त्याच्या तीस वर्षं जुन्या इटालियन मोटरसायकलचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच घरी ऐकू जायचा. तो दारात पोचेपर्यंत घर अगदी शिस्तीत असायचं. दोन्ही मुली पुस्तकात डोकं खुपसून, बायको स्वयंपाकघरात, टीव्ही बंद. आमच्याकडे गोंगाट नसतो, असं तो चारचौघांत कौतुकाने सांगायचा.

यंदा टूरला निघण्याआधी मेकॅनिकने इंजिन उघडून टॅपेट सेट केले आणि फुटका सायलेन्सर बदलला. चार दिवस गाडी कुरकुर न करता घाट चढली, उतरली. पाचव्या दिवशी संध्याकाळी तो घरासमोर येऊन थांबला, तरी आत कुणाला पत्ता नव्हता.

खिडकीतून थोरली दिसत होती. हात पाठीमागे बांधून, भुवया चढवून ती म्हणत होती, "हे काय चाललंय इथे?" नक्कल हुबेहूब होती. धाकटी जमिनीवर लोळत होती. बायको डोळे पुसत पुसत हसत होती. ती इतकी हसू शकते, हे तो विसरूनच गेला होता.

हेल्मेट मांडीवर घेऊन तो बाहेरच्या पायरीवर बसला. आतलं हसू आपोआप ओसरल्यावर त्याने बेल दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजमध्ये हजर.

"जुना सायलेन्सर टाकून नाही ना दिलात? तोच परत बसवा."

मेकॅनिक बघतच राहिला. "अहो, फुटकाय तो. गल्लीच्या तोंडाशी आलात की घरी ऐकू जाईल."

"तेवढं पुरे," तो म्हणाला. "त्यांना आवरतं घ्यायला तेवढाच वेळ लागतो."