काळी की क्रोम

"बिटिया, चलती गाड़ी घिसती है, खड़ी गाड़ी सड़ती है," असं इश्तियाक चाचांनी मृणालला सातव्या महिन्यात बजावलं होतं. ती हसली होती, आणि आपल्या मोटरसायकलवर एक जुनी चादर टाकून मोकळी झाली होती.

अपू आता दीड वर्षाची, आणि चादरीखाली दोन्ही चाकांच्या रिम गंजून त्यांचे पापुद्रे सुटलेले. चाचांनी काल गाडी टेंपोत घालून चारबागच्या मागच्या गल्लीत, आपल्या गॅरेजमध्ये नेली. आज रविवार. अपूला नवऱ्याच्या, अद्वैतच्या भरवशावर सोडून मृणाल तिथं येऊन थडकली होती आणि भिंतीला टेकवलेल्या दोन चाकांपुढं उभी होती. एक काळं, अलॉयचं. दुसरं क्रोमचं, तारांचं. क्रोममध्ये अख्खी गल्ली वाकडी होऊन चमकत होती, आणि मृणालची नजर काळ्यावर काही केल्या ठरेना.

"काला लीजिए," चाचांचा निकाल तयार होता. "ट्यूबलेस है. कील घुस जाए तब भी घर पहुँचा देगा. आप बच्चेवाली हैं."

बच्चेवाली. दीड वर्षं घरातलं सगळं, पडद्यापासून चपलेपर्यंत, याच एका शब्दानं ठरत होतं. तिनं तिसऱ्यांदा घरी फोन लावला. अद्वैतनं तो कापून मेसेज टाकला: झोपलीय. आता फोन केलास आणि उठली, तर तूच येऊन झोपव.

"और यह?" तिनं क्रोमकडे बोट केलं. नुसतं विचारायला काय जातं.

ही बाई फार नखऱ्याची, असं चाचांनी आधीच सांगून टाकलं. पावसात भिजली की त्याच दिवशी पुसायची, नाहीतर गंज. आत ट्यूब, म्हणजे खिळा लागला की जागच्या जागी बसकण. शिवाय दर आठवड्याला एकेक तार वाजवून बघायची. एखादी सैल पडली तरी चाक डुगडुगतं. कसं ते दाखवायला त्यांनी चाक स्टँडवर चढवलं आणि सावकाश फिरवत तारांना पान्यानं टिचक्या दिल्या. टिंग, टिंग, टिंग. फेरा पुरा करून ते समाधानानं थांबले.

"एक ढीली है," मृणाल म्हणाली.

"आज सुबह ही कसी हैं, बिटिया."

तिनं पुढं होऊन चाक उलटं फिरवलं आणि एका तारेवर बोट ठेवून काढून घेतलं. चाचांनी पाना मारला. ठक. पुन्हा मारला. ठक. त्यांनी पाना खाली ठेवला.

"ये कान कहाँ से लाईं?"

"डेढ़ साल से रसोई में खड़े-खड़े दूसरे कमरे की साँस सुन रही हूँ," ती म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं ऐकून थबकली. पुसत राहायचं, बघत राहायचं, कान देऊन ऐकायचं. नखरे म्हणे. दीड वर्षं ती दुसरं काय करत होती? तिला हसू फुटलं. "क्रोम लगा दीजिए, चाचा. दोनों."

चाचांनी ती सैल तार कसली, क्रोमची दोन्ही चाकं बसवली, आणि गाडीनं दुसऱ्याच किकला आवाज दिला. हेल्मेटचा पट्टा मृणालनं दोनदा तपासला, आरसे तीनदा. गोमतीचा पूल मागे पडला. ऊन चाकांवरून उडून दुकानांच्या पाट्यांवर नाचत चाललं होतं. सिग्नलला शेजारच्या ई-रिक्षातल्या बाईंनी वाकून पुढच्या चाकात बघितलं आणि आपली टिकली सरळ केली.

सीतापूर रोडवर जानकीपुरमचं, घराकडचं वळण आलं. तिनं इंडिकेटर दिला. मग बंद केला. पुढं बख्शी का तालाबपर्यंत रस्ता सरळ होता.

तुम्ही जानकीपुरमकडे निघाला असाल, तर तिचं तुमच्याकडे एक काम आहे. बेल वाजवू नका. पुढच्या खिडकीतून नुसतं डोकावा, आणि अपूनं पायावरचं पांघरूण लाथाडलंय का, तेवढं बघून या.